टेबलावरचा संगणक : मांडणी, निगा आणि दुखणी

खिशात मावणाऱ्या फोनने पुष्कळ कामे आपल्याकडे ओढून घेतली, मांडीवरच्या लॅपटॉपने आणखी काही नेली. तरीही टेबलावर ठाण मांडून बसलेला संगणक काही हललेला नाही. शाळेचे कार्यालय, वाचनालयाचा कोपरा, वकिलाची खोली, हिशेबनिसाची पेढी, पत्रिका छापणाऱ्याचे दुकान अशा ठिकाणी तोच राबताना दिसतो. याचे कारण सोपे आहे. हे यंत्र उघडते. एक साधा चौफुलीचा पेचकस हाती असला, की त्याचे पोट पाहता येते आणि बिघडलेला अवयव काढून दुसरा बसवता येतो. फोन आणि लॅपटॉप यांच्या बाबतीत ती सोय दिवसेंदिवस आटत चालली आहे.

ही सोय आपोआप आलेली नाही. आयबीएम कंपनीने 12 ऑगस्ट 1981 रोजी आपला घरगुती संगणक बाजारात आणला, तेव्हा घाईमुळे त्यातील बहुतेक भाग इतर कारखान्यांतून जमवले होते आणि त्याच्या अंतर्रचनेची माहितीही प्रसिद्ध केली होती. साहजिकच दुसऱ्यांनी तसेच संगणक बनवले. पुढे 1995 साली इंटेलने एटीएक्स नावाची मापे ठरवून दिली: मुख्य पट्टीला, म्हणजे मदरबोर्डला, भोके कोठे असावीत, वीज देणारी पेटी केवढी असावी, तारांची टोके कशी असावीत. ती मापे आजही बहुतांशी पाळली जातात. म्हणून एका कारखान्याची पेटी, दुसऱ्याचा मदरबोर्ड आणि तिसऱ्याची हार्ड डिस्क बिनतक्रार एकत्र नांदतात. संगणकाची दुरुस्ती म्हणजे बव्हंशी कोणता भाग आजारी आहे हे ओळखून तो बदलणे होय; आणि ओळखण्याचे काम थोड्याशा धीराने घरच्या माणसालाही करता येते.

पेटीच्या आत काय असते ते आधी थोडक्यात सांगितलेले बरे. मदरबोर्ड ही सर्वांना जोडणारी पट्टी. तिच्यावर पंख्याखाली झाकलेला प्रोसेसर हिशेब करतो. रॅम ही त्याच्या हाताखालची पाटी. वीज गेली की ती कोरी होते. हार्ड डिस्क किंवा एसएसडी ही कोठी. वीज गेली तरी तिच्यातील माल राहतो. आणि मागच्या कोपऱ्यात एसएमपीएस नावाची लोखंडी पेटी भिंतीतून येणाऱ्या 230 व्होल्टांचे 12, 5 व 3.3 असे सौम्य व्होल्ट करून सर्वांना वाटते. एवढी पाच नावे ध्यानात राहिली तरी पुढील सारे समजण्यास पुरे.

आता मांडणी. लोक टेबल निवडतात, खुर्ची निवडतात, पडद्याला शोभेलशी जागा निवडतात. मात्र ज्या सॉकेटात प्लग जायचा त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. वस्तुतः मांडणीचा आरंभ तेथूनच व्हावयास हवा. पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लागला असता मुंग्या आल्यासारखे होते, अशी तक्रार अनेक घरांतून ऐकू येते. "थोडा करंट लागतोच" असे म्हणून ती सोडूनही दिली जाते. ती सोडून देण्यासारखी नाही.

त्याचे कारण असे. एसएमपीएसच्या दारातच विजेतील खरखर गाळणारी एक जाळी असते. तिच्यात दोन लहान कपॅसिटर असतात. एक फेजपासून पत्र्याकडे गेलेला, दुसरा न्यूट्रलपासून पत्र्याकडे. पत्रा तिसऱ्या पिनेने जमिनीशी जोडलेला असेल, तर या कपॅसिटरांतून झिरपणारा अत्यल्प प्रवाह मुकाट्याने जमिनीत जातो. तीच जोडणी नसली, तर पत्रा फेज व न्यूट्रल यांच्या अधेमधे लोंबकळत राहतो आणि त्याच्यावर सुमारे 115 व्होल्टांचा दाब चढतो. प्रवाह फार थोडा असल्यामुळे माणसाला केवळ मुंग्या येतात. पण त्याचा अर्थ एवढाच, की ज्या दिवशी आतील एखादी तार खरोखर सुटून पत्र्याला टेकेल, त्या दिवशी त्या घरात त्या माणसाच्या रक्षणास अर्थिंग नाही. आजच्या मुंग्या ही त्या दिवसाची आगाऊ सूचना होय.

म्हणून नवे यंत्र आणण्यापूर्वी वायरमनला बोलावून सॉकेट तपासून घ्यावे. त्याने मीटर लावून फेज आणि अर्थ यांतील दाब पाहावा. तो फेज व न्यूट्रल यांतील दाबाएवढाच भरला पाहिजे. न्यूट्रल आणि अर्थ यांतील दाब दोन-तीन व्होल्टांहून अधिक नसावा. काही कारागीर अर्थिंग नसलेल्या घरात सॉकेटातच न्यूट्रल व अर्थ यांची गाठ मारून देतात आणि मीटर मग सारे ठीक असल्याची ग्वाही देतो. ही युक्ती जीवघेणी आहे. खांबावरची न्यूट्रल तार तुटली, तर त्या गाठीतून पूर्ण फेज थेट संगणकाच्या पत्र्यावर येतो. बाजारातील स्वस्त एक्स्टेन्शन पेट्यांचीही अशीच कथा: वर तीन भोकांचे सॉकेट, परंतु आतून आलेली दोरी दोनच तारांची. विकत घेताना दोरीत तीन तारा आहेत याची खात्री करून घेणे हाच त्यावर उपाय. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापून तो दोन भोकांत बसवणाऱ्यांविषयी काही न बोललेलेच बरे.

सॉकेटानंतर यूपीएस. त्याचे काम वीज गेल्यावर तासभर संगणक चालवणे हे नव्हे. हातातील काम जतन करून यंत्र रीतसर बंद करण्यास दहा-पंधरा मिनिटे मिळावीत, एवढ्यासाठी तो असतो. सामान्यतः 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॅट देतो आणि कार्यालयीन कामाच्या संगणकास तो पुरतो. त्याच्यावर लेझर प्रिंटर कधीही जोडू नये. त्या प्रिंटरातील तापणारा रूळ क्षणात शेकडो वॅट ओढतो आणि बिचारा यूपीएस किंचाळून मान टाकतो. आतील शिशाच्या बॅटरीला उष्मा मानवत नाही. पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांस तिचे आयुष्य निम्मे होते, असा ढोबळ हिशेब आहे. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात बंद खोलीत ठेवलेला यूपीएस दोन वर्षांत का थकतो, याचे उत्तर यातच आहे.

विजा चमकू लागल्या म्हणजे बटण बंद करून भागत नाही. प्लग भिंतीतून ओढून काढावा. गोव्यात आणि बेळगावकडे वळिवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात ही खबरदारी विशेष हवी. पुष्कळ जण प्लग काढतात पण इंटरनेटची तार तशीच ठेवतात, आणि वीज त्या तारेने घरात शिरून मदरबोर्ड जाळून जाते. घरापर्यंत काचेचा तंतू आलेला असला, तर तंतूतून वीज येत नाही हे खरे. परंतु त्याच्या डबीचा ॲडॅप्टर भिंतीतील सॉकेटातच असतो आणि डबीपासून संगणकापर्यंतची तार तांब्याची असते. तेव्हा दोन्ही काढावे. प्रवाह जाऊन परत आला तरी लगेच यंत्र सुरू करू नये. पहिली काही मिनिटे दाब खालीवर होत असतो.

जोडणी करताना फारसे चुकण्यासारखे काही नसते, कारण बहुतेक टोके एकाच बाजूने बसतील अशी घडवलेली आहेत. जेथे जोर लावावा लागतो तेथे बाजू उलटी आहे असे समजावे. एक फसगत मात्र हमखास होते. पेटीत निराळे ग्राफिक्स कार्ड असेल, तर पडद्याची तार त्या कार्डाच्या खाचेत गेली पाहिजे; नवखा माणूस ती वरच्या, मदरबोर्डाच्या खाचेत घालतो आणि नवा पडदा काळाठिक्कर पाहून दुकानदाराला बोल लावतो. पेटी भिंतीला चिकटवून ठेवू नये. मागे वीतभर जागा सुटली म्हणजे गरम हवा बाहेर पडते. जमिनीवर ठेवू नये, कारण केरसुणीची सारी धूळ तिच्याच नाकात जाते.

निगेचा विषय निघाला की प्रदेशाप्रमाणे शत्रू बदलतो. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथे धूळ आणि उन्हाळा. गोव्यात, जेथे वर्षाकाठी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस कोसळतो, तेथे दमट हवा. धूळ पंख्याच्या पात्यांवर आणि धातूच्या पापुद्र्यांवर गोधडीसारखी बसते आणि प्रोसेसरचा घाम बाहेर जाऊ देत नाही. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला म्हणजे आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तेवढ्याने भागले नाही तर यंत्रच बंद करतो. उन्हाळ्यात दुपारी संगणक रेंगाळतो आणि सकाळी चपळ असतो, अशी तक्रार असल्यास विषाणू शोधण्यापूर्वी झाकण उघडून पाहावे.

साफसफाई वर्षातून दोनदा तरी व्हावी. प्लग काढावा, मग सुरू करण्याचे बटण काही क्षण दाबून धरावे, म्हणजे आत साचलेली वीज ओसरते; पेटीच्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवावी आणि मगच आत हात घालावा. ब्लोअरने हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर ती भलत्याच वेगाने फिरून पंख्याचे बेअरिंग खराब होते. ओले फडके आत नेऊ नये. चार-पाच वर्षांनी प्रोसेसर आणि त्याच्यावरील धातूचा ठोकळा यांच्यामधला लेप वाळून जातो; तो पुसून नवा लावावा. तुरीच्या दाण्याएवढा पुरतो. अधिक लावल्याने अधिक थंडावा येत नाही. एसएमपीएसची पेटी मात्र कोणत्याही सबबीवर उघडू नये. तिच्यातील मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ तीनशे व्होल्टांहून अधिक दाब धरून असू शकतो. बाहेरून हवा मारावी आणि बिघडली तर नवी आणावी.

दमट प्रदेशात उलट अडचण येते. शाळांचे संगणक सुटीत आणि घरचे संगणक गावी गेल्यावर पावसात महिना महिना बंद राहतात. ओल रॅमच्या सोनेरी दातांवर आणि मदरबोर्डाच्या टाक्यांवर बसते, गंज धरते. पावसाळ्यात दोन-तीन दिवसांआड अर्धा तास यंत्र चालू ठेवणे यापेक्षा स्वस्त औषध नाही. त्याची स्वतःचीच ऊब ओल हटवते. पेटीवर प्लॅस्टिकची खोळ घालणाऱ्यांनी ती यंत्र पूर्ण थंड झाल्यावर घालावी आणि चालू करण्याआधी काढावी. आणखी एक पाहुणा येथे सांगितला पाहिजे. उबदार, अंधारी, शांत जागा पाल आणि मुंग्या यांना कोण प्रिय! मागील रिकाम्या खाचांवरील पत्र्याची झाकणे काढून टाकलेली असतील, तर ती परत बसवावीत.

एवढे करूनही यंत्र कधीतरी आजारी पडतेच. तेव्हा घाबरून चार गोष्टी एकदम बदलल्या, की दुखणे कोठले होते ते कायमचे हरवते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि पाहावे. दिवाही लागत नसेल, तर आधी सॉकेटात टेबललॅम्प लावून पाहावा, मग एसएमपीएसच्या पाठीवरचे छोटे बटण, मग तार. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच, असे असल्यास बहुतेक वेळा दोष रॅमचा निघतो. पट्टी काढून तिचे दात स्वच्छ खोडरबराने हलके घासावेत, चुरा झटकावा आणि दोन्ही बाजूंच्या कड्या टक्कन बसेपर्यंत दाबून परत लावावी. दोन पट्ट्या असतील तर एक एक लावून पाहावी. यानेच निम्मी प्रेते उठून बसतात, असे दुरुस्तीवाले थट्टेने म्हणतात आणि त्याचेच पैसेही घेतात.

घड्याळाचा एक विकार तर मोठा गमतीचा आहे. संगणक सुरू होतो, सारे चालते, पण कोणतेही संकेतस्थळ उघडत नाही. जोडणी सुरक्षित नसल्याचा इशारा येत राहतो. माणूस इंटरनेट पुरवणाऱ्याशी भांडतो, तारा बदलतो. उजव्या कोपऱ्यात पाहिले, तर तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली असते. संकेतस्थळांच्या ओळखपत्रांना मुदत असते आणि संगणकाच्या मते ती मुदत अजून सुरूच झालेली नसते. मदरबोर्डावरील नाण्याएवढा, सीआर 2032 क्रमांकाचा, तीन व्होल्टांचा सेल संपल्याने हे घडते. तो कोणत्याही घड्याळजीकडे मिळतो आणि बदलण्यास दोन मिनिटे लागतात.

येथवरची सारी दुखणी पैशाने बरी होणारी आहेत. मदरबोर्ड जळला, दुसरा आणता येतो. कोठीतील माल गेला तर मात्र तो कोणत्याही दुकानात मिळत नाही. वाचनालयाची पंचवीस वर्षांची ग्रंथसूची, शाळेच्या निकालपत्रकांचे तक्ते, कोणा वृद्धाने टंकून घेतलेल्या आठवणी, परदेशी गेलेल्या मुलांची छायाचित्रे हे सारे एका हातभरही लांब नसलेल्या डबीत असते. जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या मिनिटाला 7200 फेरे घेतात आणि वाचणारी सुई त्यांच्यावरून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. तिच्यातून टक-टक असा नियमित आवाज येऊ लागला, की यंत्र त्याच क्षणी बंद करावे. "एकदा पुन्हा लावून पाहू" असे म्हणणाऱ्याची सुई चकती खरवडत असते. एसएसडीत फिरणारे काही नाही, म्हणून ती वेगवान आणि धक्क्यांना पुरून उरणारी. पण ती जाते तेव्हा पुष्कळदा पूर्वसूचनाच देत नाही. तिच्यातून पुसलेले परत मिळण्याची आशाही फार थोडी, कारण पुसलेली जागा ती आपणहून रिकामी करून टाकते. शिवाय वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवलेल्या एसएसडीतील मजकूर विरू शकतो. तिला कुलूपबंद तिजोरी समजू नये.

तेव्हा प्रती ठेवाव्यात. जाणकारांचा ठोकताळा असा, की महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती, दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या जागी. घर वाहून गेले किंवा जळाले तरी ती तिसरी उरते. फोन आणि संगणक यांत आपोआप सारखी होत राहणारी दूरस्थ साठवण ही खरी प्रत नव्हे. एका ठिकाणी चुकून पुसले की दुसरीकडेही ते निमूटपणे पुसले जाते. बाहेरची डिस्क प्रत काढून झाल्यावर काढून ठेवावी, हेही तितकेच महत्त्वाचे. 12 मे 2017 रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला, तेव्हा त्याने मुख्य डिस्क आणि तिला जोडून ठेवलेल्या डिस्का या दोहोंतील मजकूर कुलूपबंद केला. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. त्याहून बोचणारी गोष्ट ही, की त्या विषाणूची वाट बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्या वर्षीच्या मार्च महिन्यातच दिली होती. ज्यांनी अद्ययावतीकरण "नंतर" म्हणून पुढे ढकलले होते, त्यांच्यावर घाला पडला.

हाच न्याय विंडोज 10 ला लागू पडतो. त्याची नेहमीची मोफत देखभाल 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, म्हणून अनेक धडधाकट संगणक त्याला अपात्र ठरतात. त्यांना भंगारात काढण्याची घाई करू नये. लिनक्सच्या मोफत प्रणाली अशा यंत्रांवर सुखाने चालतात. पत्रव्यवहार, हिशेब, इंटरनेट यांसाठी त्या पुरेशा आहेत. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि रॅम 8 जीबीपर्यंत वाढवली, तर दहा वर्षांचे यंत्रही पुन्हा कामाला येते. फक्त हिशेबाचे किंवा छपाईचे जे विशिष्ट सॉफ्टवेअर लागते ते लिनक्सवर चालते का, हे आधी पाहावे.

मराठी वाचकांची एक अडचण इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही, म्हणून तिला थोडी अधिक जागा. नव्या संगणकावर जुनी मराठी फाईल उघडली, की अक्षरांऐवजी रोमन चिन्हांचा कचरा दिसतो, आणि फाईल बिघडली असे समजून लोक ती टाकून देतात. ती बिघडलेली नसते. जुन्या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार काढून बसवलेले असत. फाँट नसला की मूळ रोमन चिन्हे उघडी पडतात. युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 साली आली आणि तिने देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक दिला. परंतु छापखान्यांत आणि कार्यालयांत जुने फाँट त्यानंतरही कित्येक वर्षे चालले. अशा फाईली परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणता येतात. मात्र कोणता फाँट होता हे माहीत असावे लागते, आणि परिवर्तनानंतर रफार, जोडाक्षरे व ऱ्हस्व वेलांटी मुद्दाम तपासावी लागतात. चुका तेथेच राहतात. महाराष्ट्राबाहेरील अनेक मराठी संस्थांची इतिवृत्ते आणि अंक आज अशाच अवस्थेत जुन्या यंत्रांत पडून आहेत. ती जाणणारी माणसे हयात आहेत तोवर हे काम उरकावे. नव्या लेखनासाठी विंडोजच्या भाषेच्या विभागात मराठी जोडावी. विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबला की लिपी बदलते. इन्स्क्रिप्टची मांडणी शिकण्यास आठवडाभर लागतो, उच्चारानुसार टंकणाऱ्यांस तीही सोय तेथेच आहे.

शेवटी यंत्र टाकून देण्याची वेळ आलीच, तर भंगारवाल्याला देण्यापूर्वी डिस्क काढून घ्यावी. फाईली पुसल्याने त्या खरोखर जातातच असे नाही. उरलेली पेटी नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावी. त्यासंबंधीचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. नाण्याएवढा तो सेल आधी काढावा आणि लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा, कारण गिळला गेल्यास तो काही तासांत अन्ननलिका जाळतो.